क्षुधानियामक हॉर्मोने, आहार व स्थूलता

प्राण्याला भूक केव्हा लागावी, त्याने एका वेळी किती खावे आणि केव्हा थांबावे यांच्या नियमनात भाग घेणाऱ्या हॉर्मोनांना क्षुधानियामक हॉर्मोने म्हणतात. ती मुख्यतः जठर, आतडी, अग्निपिंड व वसा ऊतक (चरबी साठविणाऱ्या कोशिकांचा–पेशींचा–समूह) यांत तयार होतात. रक्तावाटे किंवा तंत्रिकांमार्फत (मज्जातंतूंमार्फत) ती मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागाला शरीरातील ऊर्जेची स्थिती कळवितात. या हॉर्मोनांविषयीचे मूलभूत ज्ञान बव्हंशी प्रयोगशाळेतील उंदरांपासून मिळाले आहे. त्यातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा आणि प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटणारा निष्कर्ष असा की, आहारामुळे स्थूल झालेल्या उंदरात भूक आवरणारे प्रमुख हॉर्मोन कमी नसते, उलट विपुल असते. कमी झालेला असतो तो त्या हॉर्मोनाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद. हा प्रतिसाद केवळ वजन वाढल्यामुळे मंदावतो असेही नाही. आहाराचे स्वरूप बदलताच, कित्येकदा वजनात लक्षणीय फरक पडण्यापूर्वीच, तो मंदावू लागतो. स्थूलता हा संयमाच्या अभावाचा दोष मानावयाचा की शरीरक्रियेतील बिघाड मानावयाचा, या जुन्या वादाला या निष्कर्षामुळे निराळे वळण मिळाले.

प्रस्तुत नोंदीत ‘उंदीर’ हा शब्द रॅट्टस नॉर्व्हेजिकस या जातीपासून पैदास केलेल्या पांढऱ्या व चित्रवर्णी प्रायोगिक उंदरांसाठी (रॅट) वापरला आहे. विस्टार, स्प्रेग-डॉली, लाँग-इव्हान्स हे त्यांचे प्रचलित वाण होत. याहून पुष्कळ लहान असलेल्या मस मस्क्युलस या जातीच्या प्राण्याचा उल्लेख ‘लहान उंदीर’ (माऊस) असा केला आहे. दोहोंतील फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण एकावर मिळालेले निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही. प्रौढ उंदीर दिवसाकाठी सु. २० ग्रॅ. कोरडे खाद्य खातो आणि त्यातील बराच मोठा भाग रात्री, लहान लहान ‘जेवणां’च्या स्वरूपात खातो. नेहमीचे खाद्य मुबलक उपलब्ध असूनही त्याचे वजन बेताने व संथपणे वाढते. घेतलेली व खर्च केलेली ऊर्जा यांचा इतका नेमका मेळ बसतो, त्या अर्थी कोठेतरी मोजमाप होत असले पाहिजे, हा विचार या सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे.

इतिहास : १९४० मध्ये ए. डब्ल्यू. हेदरिंग्टन व एस. डब्ल्यू. रॅन्सन यांनी अमेरिकेत उंदरांच्या अधोथॅलॅमसाच्या मध्यवर्ती भागावर विद्युत् प्रवाहाने सूक्ष्म इजा केली, तेव्हा ते उंदीर अतोनात लठ्ठ झाले. १९५१ मध्ये भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक बाल कृष्ण आनंद (पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्राध्यापक) आणि जे. आर. ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात याच्या उलट परिणाम दाखवून दिला. अधोथॅलॅमसाच्या दोन्ही बाजूंकडील भाग नष्ट केल्यास उंदीर समोर अन्न असतानाही खाणे सोडून देतात. यावरून मध्यभागी ‘तृप्तिकेंद्र’ व बाजूस ‘क्षुधाकेंद्र’ अशी सुटसुटीत कल्पना रूढ झाली आणि पाठ्यपुस्तकांत दीर्घ काळ टिकली. अशा इजेने त्या भागातून केवळ जाणारे तंत्रिका तंतूही तुटतात, हे पुढे लक्षात आल्यामुळे ही कल्पना आता तितक्या सरळ स्वरूपात मानली जात नाही. तथापि अधोथॅलॅमसाचे महत्त्व तिने निर्विवाद प्रस्थापित केले.

मेंदूला मोजमाप कळते कसे, हा प्रश्न उरला होता. १९५३ मध्ये जी. सी. केनेडी यांनी केंब्रिज येथील उंदरांवरील प्रयोगांवरून असे सुचविले की, शरीरातील वसेचा साठाच आपल्या आकारमानाची वर्दी मेंदूला देत असावा. १९५९ मध्ये जी. आर. हर्व्ही यांनी या तर्काला भक्कम पुरावा दिला. त्यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने कुशीला कूस लावून जोडल्या. अशा जोडीत दोघांचे रक्त अल्प प्रमाणात एकमेकांत मिसळते. नंतर एकाच्या अधोथॅलॅमसाला इजा केली. तो उंदीर अपेक्षेप्रमाणे खादाड व लठ्ठ झाला. मात्र त्याचा धडधाकट जोडीदार खाणे कमी करून रोडावत गेला. लठ्ठ उंदराच्या रक्तातून काहीतरी पलीकडे जात होते. ज्याचा मेंदू शाबूत होता त्याला तो संदेश कळत होता आणि ज्याच्या मेंदूला इजा झाली होती त्याला तो कळत नव्हता, हाच याचा सरळ अर्थ होता. या पदार्थाचे रासायनिक स्वरूप कळण्यास मात्र आणखी ३५ वर्षे लागली.

मध्यंतरीच्या काळात आनुवंशिक स्थूलतेचे प्राणी उपयोगी पडले. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत लहान उंदरांमध्ये दोन उत्परिवर्तने (जीनांमधील आनुवंशिक बदल) आढळली होती व दोन्हींमुळे प्राणी लठ्ठ होत. डी. एल. कोलमन यांनी त्यांच्याही जोड्या जोडून पाहिल्या. पहिल्या प्रकारचा लठ्ठ प्राणी निरोगी प्राण्याशी जोडला असता त्याचे खाणे कमी झाले. दुसऱ्या प्रकारचा प्राणी जोडला असता त्याच्यात फरक पडला नाही, परंतु त्याचा जोडीदार उपासमारीने खंगला. पहिल्यात संदेश देणारा पदार्थच नाही आणि दुसऱ्यात तो आहे पण तो ओळखणारा ग्राही नाही, असे अनुमान कोलमन यांनी १९७३ पर्यंत मांडले. स्थूलता म्हणजे वर्तनातील दोष अशी त्या काळी दृढ समजूत असल्यामुळे या अनुमानाकडे बराच काळ संशयानेच पाहिले गेले. १९६१ मध्ये लोईस व थिओडोर झुकर यांनी वर्णन केलेला ‘झुकर लठ्ठ उंदीर’ हा दुसऱ्या प्रकारचाच नमुना होता. त्याच्या ग्राहीच्या जीनातील दोष १९९६ मध्ये निश्चित झाला.

लेप्टीन : न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जे. एम. फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या डिसेंबरात पहिल्या प्रकारच्या लठ्ठ प्राण्यातील सदोष जीन शोधून काढला. हा जीन वसा कोशिकांत कार्यरत असून त्यापासून १४६ ॲमिनो अम्लांचे एक प्रथिन तयार होते. ‘बारीक, सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टीन हे नाव देण्यात आले. १९९५ मध्ये हे प्रथिन टोचलेल्या दोषयुक्त लहान उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सु. ३०% घटले. वसेचा साठा वाढला की रक्तातील लेप्टीन वाढते आणि ते अधोथॅलॅमसातील चापाकृती पुंज (कमानीच्या आकाराचा तंत्रिका कोशिकांचा समूह) या भागावर कार्य करते. तेथे परस्परविरोधी कार्याच्या दोन प्रकारच्या कोशिका असतात. एका प्रकारच्या कोशिका न्यूरोपेप्टाइड-वाय व तत्सम पदार्थ स्रवून भूक वाढवितात. दुसऱ्या प्रकारच्या कोशिका मेलॅनोकॉर्टीन गटातील पदार्थ स्रवून ती आवरतात. लेप्टीन पहिल्यांना दाबते व दुसऱ्यांना उत्तेजित करते. अग्निपिंडातील इन्शुलीन हे हॉर्मोनही मेंदूवर बहुतांशी याच दिशेने कार्य करते.

लेप्टिनाच्या शोधाने स्थूलतेवर रामबाण औषध सापडल्याची आशा जगभर निर्माण झाली, पण ती अल्पजीवी ठरली. १९९६ मध्ये स्थूल माणसांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात लेप्टीन सामान्य वजनाच्या माणसांच्या सु. चौपट आढळले. जन्मतः लेप्टीन तयार न होणारी मुले अत्यंत विरळा आहेत आणि त्यांना हे हॉर्मोन टोचल्यास आश्चर्यकारक गुण येतो. परंतु सर्वसाधारण स्थूल व्यक्तींवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा परिणाम बेताचा व व्यक्तिपरत्वे फार कमीजास्त दिसला. ज्यांच्याजवळ आधीच पुष्कळ आहे त्यांना आणखी देऊन काय साधणार, हा प्रश्न मग पुढे आला आणि संशोधनाचा रोख हॉर्मोनाकडून त्याच्या प्रतिसादाकडे वळला.

घ्रेलीन : भूक वाढविणारे, परिसरीय अवयवात (मेंदूबाहेर) तयार होणारे हे एकच प्रमुख हॉर्मोन आहे. जपानमधील एम. कोजिमा, के. कंगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते उंदराच्या जठरातून वेगळे केले. ते मूलतः वृद्धी हॉर्मोनाचे स्रवण वाढविणारा पदार्थ म्हणून शोधले गेले. त्याचा भुकेशी असलेला संबंध वर्षभरातच, प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून, उघड झाला. त्याच्या २८ ॲमिनो अम्लांच्या साखळीत तिसऱ्या स्थानी आठ कार्बन अणूंचे एक वसाम्ल जोडलेले असते. या जोडाशिवाय ते आपल्या ग्राहीवर कार्य करू शकत नाही. हा जोड देणारे एंझाइम २००८ मध्ये ओळखण्यात आले. याच वसाम्लाचे काही प्रमाण खोबरेल तेलातही असते आणि आहारातून आलेली अशी वसाम्ले घ्रेलिनाला जोडली जातात, असे लहान उंदरांत दिसून आले आहे. आहाराचा एखादा घटक थेट हॉर्मोनाच्या रेणूत समाविष्ट होण्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

उपाशी उंदराच्या रक्तात घ्रेलीन वाढते व खाल्ल्यावर उतरते. हा उतार सर्व अन्नांनी सारखा पडत नाही. उंदराच्या आतड्यात समान ऊर्जेचे द्राव सोडल्यास ग्लुकोज व ॲमिनो अम्ले यांच्या मानाने वसेमुळे घ्रेलीन कमी उतरते. स्थूल प्राण्यात व माणसातही रक्तातील घ्रेलीन वाढलेले नसून सामान्यतः कमी असते. म्हणजे स्थूल प्राण्याची भूक जठराच्या जादा हाकेमुळे वाढते, असे म्हणता येत नाही.

आतड्यातील हॉर्मोने : लेप्टीन दीर्घ मुदतीचा हिशोब ठेवते, तर आतड्यातील हॉर्मोने चालू जेवणाचा. कोलेसिस्टोकायनीन हे त्यांपैकी सर्वांत आधी अभ्यासले गेलेले हॉर्मोन पित्ताशय आकुंचित करणारा पदार्थ म्हणून १९२८ मध्ये माहीत झाले. ते टोचल्यास उंदीर लवकर खाणे थांबवितात, हे जे. गिब्ज, आर. सी. यंग व जी. पी. स्मिथ यांनी १९७३ मध्ये दाखविले. (गंमत अशी की, उंदराला पित्ताशयच नसते, ज्या कार्यावरून हॉर्मोनाला नाव पडले ते कार्य त्याच्या शरीरात घडतच नाही.) ग्रहणीत वसा व प्रथिने आली की ते स्रवते आणि प्राणेशा तंत्रिकेच्या टोकांमार्फत मेंदूला संदेश पाठविते. तथापि १९८४ मधील एका प्रयोगात प्रत्येक जेवणाच्या आरंभी उंदरांना हे हॉर्मोन आपोआप मिळेल अशी व्यवस्था केली, तेव्हा प्रत्येक जेवण लहान झाले पण जेवणांची संख्या वाढली आणि वजनात फारसा फरक पडला नाही. भूक आवरणारा एक मार्ग दाबला की शरीर दुसऱ्या मार्गाने भरपाई करते, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. स्थूलतेवरील अनेक उपचार याच तत्त्वापुढे हतबल ठरले आहेत. आतड्याच्या शेवटच्या भागातून स्रवणाऱ्या पेप्टाइड वायवाय व ग्लुकॅगॉनसदृश पेप्टाइड-१ या हॉर्मोनांचा तृप्तिकारक परिणामही उंदरांतच प्रथम सिद्ध झाला. यांपैकी दुसऱ्याचा उल्लेख पुढे केला आहे.

आहाराचा परिणाम : उंदराला लठ्ठ करण्यासाठी शस्त्रक्रियेची किंवा उत्परिवर्तनाची गरज नाही; त्याच्यासमोर रुचकर अन्न ठेवणे पुरेसे असते. १९७६ मध्ये ए. स्क्लाफानी व डी. स्प्रिंगर यांनी प्रौढ उंदरांना नेहमीच्या खाद्याबरोबर बाजारातील बिस्किटे, चॉकलेट, चीज, केळी, शेंगदाण्याचे लोणी, गोड आटीव दूध असे पदार्थ दिले. त्या उंदरांचे वजन नेहमीच्या खाद्यावरील उंदरांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढले. पुढे प्रमाणीकरणासाठी विविध पदार्थांऐवजी ४५% किंवा ६०% ऊर्जा वसेतून मिळेल असे एकजिनसी खाद्य वापरण्याची पद्धत पडली. प्रमाणीकरण झाले हे खरे, परंतु निवडीचे स्वातंत्र्य व चवींचे वैविध्य हे माणसाच्या खाण्याचे महत्त्वाचे अंग त्यातून गळाले. शिवाय अशा खाद्याची तुलना धान्य व तंतुमय पदार्थ असलेल्या नेहमीच्या खाद्याशी केल्यास, दिसणारा फरक वसेमुळे की तंतूंच्या अभावामुळे, हे सांगता येत नाही. या विषयावरील निबंध वाचताना तुलनेचे खाद्य कोणते होते, हे प्रथम पाहणे इष्ट ठरते.

वसायुक्त आहारावर स्थूल झालेल्या उंदरांच्या रक्तात लेप्टीन व इन्शुलीन वाढलेले असते. अशा उंदरांच्या मेंदूत लेप्टिनाचे थेट अंतःक्षेपण केल्यासही (इंजेक्शन दिल्यासही) त्यांचे खाणे निरोगी उंदरांइतके घटत नाही, हे १९९७ मध्ये दिसून आले. या स्थितीला लेप्टीन-रोध म्हणतात. तो निदान तीन ठिकाणी निर्माण होतो. पहिले ठिकाण म्हणजे रक्त व मेंदू यांमधील अटकाव. लेप्टिनाला तो ओलांडून नेणारी यंत्रणा मर्यादित क्षमतेची असते. रक्तात लेप्टीन कितीही वाढले तरी मेंदूत ते त्या प्रमाणात पोहोचत नाही. दुसरे ठिकाण प्रत्यक्ष अधोथॅलॅमसातील कोशिका होय. तेथे ग्राहीने दिलेला संदेश दडपणारी प्रथिने वाढतात. त्याचप्रमाणे तेथे शोथाची (दाहयुक्त प्रतिक्रियेची) चिन्हे दिसतात. वसायुक्त आहारावरील विस्टार उंदरांच्या अधोथॅलॅमसात असा शोथ होतो हे ब्राझीलमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात तो आहार बदलल्यापासून एक ते तीन दिवसांतच, म्हणजे लठ्ठपणा येण्यापूर्वीच, सुरू होतो असे आढळले. तिसरे ठिकाण आतड्यातून निघणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेचे आहे. वसायुक्त खाद्याला सरावलेल्या उंदरांत कोलेसिस्टोकायनिनाची मात्रा पूर्वीइतकी परिणामकारक राहत नाही. जेवण थांबविण्याचा इशाराही मग क्षीण होतो.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा या विषयातील खरा कळीचा प्रश्न होय. लेप्टीन-रोधामुळे लठ्ठपणा येतो की लठ्ठपणामुळे लेप्टीन-रोध? उंदरांवरील तीन प्रयोग येथे निर्देशनीय आहेत. स्प्रेग-डॉली उंदरांना मुक्तपणे वसायुक्त आहार घेऊ दिला असता अवघ्या तीन दिवसांत लेप्टीन व इन्शुलीन या दोहोंचा परिणाम मंदावला (२००१). फ्लॉरिडातील संशोधकांनी उंदरांना सहा महिने ६०% फ्रुक्टोज असलेला आहार दिला. त्यांचे वजन तुलनेच्या उंदरांपेक्षा वाढले नाही, मात्र लेप्टिनाला त्यांचा प्रतिसाद मिळेनासा झाला. नंतर वसायुक्त आहार सुरू करताच हेच उंदीर इतरांपेक्षा अधिक लठ्ठ झाले (२००८). तिसरा पुरावा बी. ई. लेव्हिन यांच्या दीर्घकालीन कार्यातून मिळतो. सु. ३१% ऊर्जा वसेतून देणारे खाद्य सर्व उंदरांना सारखेच दिले तरी त्यांतील साधारण निम्मेच लठ्ठ होतात. लठ्ठ होण्याकडे कल असलेल्या व नसलेल्या उंदरांच्या स्वतंत्र वंशावळी तयार केल्यावर असे दिसले की, पहिल्या वंशातील पिलांचा लेप्टिनाला मिळणारा प्रतिसाद लठ्ठ होण्यापूर्वीच कमी असतो. तेव्हा आहार, आनुवंशिक कल व वाढलेले वजन ही तिन्ही या रोधात भर घालतात. लेप्टिनाचे आधिक्यही स्वतःच रोध वाढवीत असावे, असे मानण्यास आधार आहे: स्थूल लहान उंदरांच्या रक्तातील लेप्टीन अंशतः कमी केल्यावर त्यांचा प्रतिसाद सुधारून वजन घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. भूक आवरणारे हॉर्मोन कमी करून भूक आवरावी, हे वरवर पाहता विपरीत वाटते. परंतु रोधाची कल्पना मान्य केल्यास ते सुसंगतच आहे.

भारतात हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या विस्टार उंदरांच्या जुन्या वसाहतीत १९९० नंतरच्या दशकात आपोआप उद्भवलेला एक स्थूल वाण आढळला. हे उंदीर खादाड असतात, त्यांचे वजन एक किलोग्रॅमच्या पुढे जाते आणि त्यांच्या रक्तातही लेप्टीन विपुल असते. त्याचाच एक उपप्रकार ग्लुकोज सहन करण्याची शक्ती घटलेला असल्याने मधुमेहाच्या अभ्यासास उपयोगी पडतो.

वजन घटल्यानंतर : स्थूल उंदराचे खाणे मोजून-मापून दिल्यास त्याचे वजन अर्थातच कमी होते. पण त्याबरोबर लेप्टीन झपाट्याने, बहुधा वसेच्या घटीपेक्षाही अधिक प्रमाणात उतरते, घ्रेलीन चढते आणि ऊर्जेचा खर्चही आखडतो. कोलोरॅडो येथे स्थूलताप्रवण उंदरांना कित्येक आठवडे घटलेल्या वजनावर राखून नंतर मोकळेपणी खाऊ दिले, तेव्हा ते जोमाने खाऊन मूळ वजनाकडे परतले. घटलेले वजन टिकविण्याचा काळ लांबविल्याने ही ओढ ओसरली नाही. माणसातही असेच आढळते. मेलबर्न येथील २०११ मधील अभ्यासात दहा आठवडे अत्यल्प ऊर्जेचा आहार घेऊन वजन घटविलेल्या व्यक्तींमध्ये एक वर्षानंतरही लेप्टीन, घ्रेलीन, पेप्टाइड वायवाय व कोलेसिस्टोकायनीन यांच्या पातळ्या भूक वाढविणाऱ्या दिशेनेच झुकलेल्या होत्या. लेप्टीन हे मुळात ‘पुरे’ असे सांगणारे हॉर्मोन नसून ‘साठा घटत आहे’ अशी धोक्याची सूचना देणारे हॉर्मोन आहे, असे मत पुष्कळ तज्ञ आता मांडतात. त्याची वाढ मेंदू फारशी मनावर घेत नाही. त्याची घट मात्र तत्काळ घेतो. दुष्काळ नित्याचा व सुकाळ क्वचितचा अशा परिस्थितीत उत्क्रांत झालेल्या प्राण्याच्या दृष्टीने ही योजना उपयुक्तच होती.

गर्भावस्थेतील पोषण : भुकेच्या या यंत्रणेची जडणघडण जन्माच्या आगेमागे होते. उंदरात चापाकृती पुंजापासून निघणारे तंत्रिका तंतू जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाढतात आणि त्या वाढीला लेप्टीन चालना देते. न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथे गाभण उंदरींना मुक्त आहाराच्या केवळ ३०% खाद्य दिले असता त्यांची पिले जन्मतः लहान होती, पण प्रौढपणी ती खादाड, स्थूल व रक्तात इन्शुलीन आणि लेप्टीन वाढलेली अशी झाली. वसायुक्त आहाराने हा दोष आणखी बळावला (२०००). अशा मादी पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत लेप्टीन टोचल्यास पुढील दोष टळतो, असेही त्याच गटाने २००५ मध्ये दाखविले. या प्रयोगांचे भारतीय परिस्थितीशी असलेले नाते स्पष्ट आहे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील सी. एस. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे भारतीय अर्भके युरोपीय अर्भकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्यातील वसेचे प्रमाण त्या मानाने कमी नसते. त्यांच्या नाळेच्या रक्तातील लेप्टीन व इन्शुलीन यांच्या पातळ्यांवरूनही हेच सूचित होते. याज्ञिक व आनंदवर्धन हर्डीकर यांच्या सहभागाने २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार उंदरांत पोटातील वसा व इन्शुलीन-रोध वाढलेला आढळला आणि पुढे दोन पिढ्या पुरेसे अन्न दिल्यावरही तो नाहीसा झाला नाही. कुपोषण व स्थूलता या दोन विरुद्ध समस्या आहेत असे मानून त्यांवर स्वतंत्र उपाय योजणे कितपत योग्य, असा प्रश्न यामुळे उपस्थित होतो.

मर्यादा व उपयोग : उंदरावरून माणसाविषयी अनुमान करताना काही गोष्टींचे भान ठेवावे लागते. प्रयोगशाळेतील नेहमीचे, सु. २२° से. तापमान उंदराला थंडच असते व त्याची बरीच ऊर्जा ऊब राखण्यात खर्च होते. तो निशाचर असल्याने दिवसा केलेल्या चाचण्या त्याच्या उपवासाच्या काळात पडतात. उंदराला ओकारी येत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. एखाद्या पदार्थाने त्याचे खाणे घटले, तर ते तृप्तीमुळे की मळमळीमुळे, हे उघड दिसत नाही. मळमळणारा उंदीर चिनी मातीसारखे निःसत्त्व पदार्थ खाऊ लागतो, म्हणून त्याने किती माती खाल्ली हे मोजून अंदाज बांधावा लागतो.

हा प्रश्न ग्लुकॅगॉनसदृश पेप्टाइड-१ च्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरला. हे हॉर्मोन उपाशी उंदरांच्या मेंदूत टोचल्यास त्यांचे खाणे एकदम कमी होते, असे लंडन येथे १९९६ मध्ये आढळले. नैसर्गिक स्वरूपात ते रक्तात काही मिनिटेच टिकते. हिला मॉन्स्टर या अमेरिकी विषारी सरड्याच्या विषात सापडलेल्या (१९९२) एका तत्सम पण टिकाऊ पदार्थामुळे दीर्घकाळ कार्य करणारी औषधे बनविण्याची दिशा मिळाली. प्रथम मधुमेहावर व नंतर स्थूलतेवर त्यांचा वापर सुरू झाला. त्यांपैकी लिराग्लुटाइडाला २०१४ मध्ये व आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सेमाग्लुटाइडाला २०२१ मध्ये अमेरिकेत स्थूलतेसाठी मान्यता मिळाली. लेप्टिनाने जे साधले नाही ते या गटाने बऱ्याच अंशी साधले, कारण या हॉर्मोनाला स्थूल शरीरातही पुरेसा प्रतिसाद शिल्लक असतो आणि औषधाची मात्रा निसर्गतः असणाऱ्या पातळीच्या कितीतरी पट असते. मळमळ व ओकारी हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम होत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात रुग्णांचे घटलेले वजन सु. दोनतृतीयांश भरून आले. लेप्टीन स्वतः मात्र, ज्यांच्या शरीरात वसा ऊतकच अपुरे असते अशा दुर्मिळ रोगातील वसान्यूनतेच्या रुग्णांसाठी, २०१४ पासून अमेरिकेत औषध म्हणून वापरले जाते.